शिंपल्यांतून लाव्हाचा काळ शोधणारे हिस्लॉप

वरोरा : वरोरा परिसरातील मांगली या लहानशा गावाचे नाव लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या नोंदींत आहे. तेथील खडकात सापडलेली एका उभयचराची कवटी या संग्रहालयात आहे. तिला प्रकाशात आणणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नागपूरकरांना परिचित आहेत ते महाविद्यालयाच्या नावापुरतेच.

स्कॉटलंडमधील डन्स येथे ८ सप्टेंबर १८१७ रोजी जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये धर्मप्रचारासाठी नागपुरात आले. त्या वेळी तेथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. १८५१ मध्ये सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह फेरफटका मारताना टाकळीजवळ त्यांना जीवाश्म गवसले आणि या छंदाने त्यांना कायमचे झपाटले.

काळ्या खडकाच्या दोन थरांमधील गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायी व शिंपले दगड होऊन पडले होते. त्यांचा अर्थ मोठा होता. लाव्हा एकदाच ओतला गेला नव्हता. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात येथे तळी साचली, त्यांत जीव वाढले आणि पुन्हा लाव्हा आला. १८६० मध्ये हिस्लॉप यांनी या शिंपल्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एका जातीला हंटर यांचे, दुसरीला मुंबईचे संशोधक कार्टर यांचे नाव दिले. त्याआधी, १८५८ मध्ये, कार्टर यांनी गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म जीवाला हिस्लॉपिया म्हटले होते. विद्वानांमधील ही परतफेड मोठी लोभस वाटते. थरांचे वय मात्र हिस्लॉप यांनी कमी धरले; ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे असल्याचे आता मानले जाते.

मांगलीच्या खडकातील चिमुकली दुहेरी कवचे शिंपल्यांसारखीच दिसतात, पण तो जीव कोळंबी व खेकड्यांच्या वर्गातला. १८६२ मध्ये त्याच्या शास्त्रीय नावात मांगली गुंफली गेली. शिंपला कोठला, हे चिठ्ठीवर नसेल तर संग्रहालयात तो नुसता दगड ठरतो. टाकळी आज नागपूर शहरात सामावली आहे, त्यामुळे या नोंदींचे मोल वाढले आहे.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून हिस्लॉप घोड्यावरून बोरीकडे परतत होते. वाटेतील ओढ्याला पूर आला होता. घोडा एकटाच परतला, तेव्हा शोध सुरू झाला आणि त्यांचा मृतदेह हाती लागला. छेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. आदिवासींविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी नमुने धाडलेल्या लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा परदेशी संग्रह १९११ मध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेला.