कै. नेव्हिल डिसूझा
रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालीं मुंबईंत सुरू झाली. तिच्यामुळें कूपरेजच्या मैदानास जो लौकिक लाभला, त्यांत आपल्या समाजाचाही वाटा आहे. १९३२ सालीं जन्मलेले नेव्हिल डिसूझा मुंबईंत टाटा स्पोर्ट्स क्लबाकडून खेळले. १९५६ सालीं मेलबर्न ऑलिंपिकांत त्यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई होत. उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियावर आघाडीचा गोलही त्यांचाच. तथापि तो सामना भारत हरला व अखेर चौथा आला. १९८० सालीं ते निवर्तले; पुढें चषकही बंद पडला. पदक हुकलें म्हणून आम्ही त्यांस विसरावें काय? नव्या मुंबईंतील आमच्या मुलांस हें नांव ठाऊक असावें, अशी आमची इच्छा आहे. प्रभु त्यांस चिरशांति देवो.