राजाचे बक्षीस आणि गणितज्ञाची चूक

बक्षीस मिळाले अडीच हजार क्राउन आणि त्याच बक्षिसापायी स्वतःच्या खिशातून भरावे लागले साडेतीन हजारांहून अधिक! बँकेत उभी हयात काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने हा व्यवहार खतावणीत मांडला, तर तो सरळ तोट्याच्या बाजूला जाईल. पण याच तोट्याच्या व्यवहारातून विज्ञानाची एक नवी शाखा जन्माला आली. आज तिला केऑस थिअरी म्हणतात. हा व्यवहार करणाऱ्या माणसाचे नाव आंरी प्वांकारे. फ्रान्सचा हा थोर गणितज्ञ १९१२ साली वारला, तेव्हा केऑस हा शब्द या अर्थाने कोणी वापरतही नव्हते.

प्वांकारेंचा जन्म २९ एप्रिल १८५४ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडील नान्सी या शहरातला. वडील डॉक्टर आणि वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. घरात विद्येचे वातावरण. आंरी पाच वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. जीव वाचला, पण पुढे कित्येक महिने त्याला बोलता येत नव्हते आणि पायांतही बळ नव्हते. बरोबरीची मुले अंगणात दंगा करीत असताना हा मुलगा पुस्तके वाचीत बसे. एकदा वाचलेले तो सहसा विसरत नसे. दृष्टी अधू असल्यामुळे शाळेत फळ्यावरचे नीट दिसायचे नाही. मग गुरुजी बोलतील ते ऐकून मनातल्या मनात आकृती उभी करायची सवय लागली. हाताने मात्र त्याला एक सरळ रेघ काढता येत नसे. चित्रकलेत त्याची कायम दाणादाण. १८७३ साली एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेत तो पहिल्या क्रमांकाने शिरला आणि दोन वर्षांनी दुसऱ्या क्रमांकाने बाहेर पडला.

१८७० च्या युद्धात जर्मन सैन्याने नान्सी ताब्यात घेतले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या वडिलांच्या हाताखाली त्याने काम केले आणि जर्मन वर्तमानपत्रे वाचून ती भाषाही शिकून घेतली.

शिक्षण संपल्यावर पहिली नोकरी मिळाली ती खाण-अभियंत्याची. १८७९ साली त्याच्या हद्दीतल्या मान्यी येथील कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि अनेक कामगार मेले. पुन्हा स्फोट होण्याची भीती असतानाही पंचवीस वर्षांचा प्वांकारे चौकशीसाठी खाली उतरला. खाणीतल्या दिव्यांना तारेच्या जाळीचे कवच असे, म्हणजे आतली ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नसे. त्याने एकेक दिवा तपासला. एका दिव्याच्या कवचाला लहानसे चौकोनी भोक पडलेले आढळले, कुदळीचे टोक लागून पडावे तसे. बहुधा काम करताना कुणाचा तरी हात चुकला होता. एवढ्याशा भोकातून एवढा अनर्थ झाला. हा अहवाल त्याने लिहिला तेव्हा पुढच्या आयुष्यात आपल्याला याच विषयाचे गणित मांडायचे आहे, याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते.

लवकरच तो खाणीतून बाहेर पडून अध्यापनाकडे वळला आणि १८८१ साली पॅरिसला आला. त्याच वर्षी लग्न झाले. पुढे तीन मुली आणि एक मुलगा असा संसार झाला. तिशीच्या आतच युरोपभर त्याचे नाव झाले.

आता त्या बक्षिसाकडे वळू. स्वीडन आणि नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर याला गणिताची आवड होती. २१ जानेवारी १८८९ रोजी त्याला साठ वर्षे पूर्ण होणार होती. त्यानिमित्त ‘आक्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकाचे संपादक मिताग-लेफ्लर यांनी राजाच्या नावाने एक स्पर्धा ठेवली. चार प्रश्न दिले होते, त्यांतला पहिला साऱ्या आकाशालाच हात घालणारा होता. परस्परांना ओढणारे अनेक गोल अवकाशात फिरत असतील, तर पुढे कोणत्याही क्षणी त्यांतला कोणता कुठे असेल, हे सांगणारे सूत्र द्या.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का होता? न्यूटनने दोनच गोलांचे गणित पूर्ण सोडवले होते. सूर्य आणि एक ग्रह एवढेच जग असते, तर तो ग्रह कायम एकाच लंबवर्तुळात फिरत राहिला असता. पण तिसरा गोल आला की गणित अडते. सूर्य पृथ्वीला ओढतो, पृथ्वी चंद्राला ओढते आणि सूर्य चंद्रालाही ओढतो. दोघांच्या संसारात तिसऱ्याने पाऊल टाकले की काय होते, हे कादंबरी लिहिणाऱ्यांना माहीत असते. गणितज्ञ त्यापायी दोनशे वर्षे झटत होते. तरीही त्या काळचा आत्मविश्वास दांडगा होता. १८४६ साली ल व्हेरिए याने केवळ कागदावर आकडेमोड करून नेपच्यून ग्रहाचा ठाव सांगितला होता आणि दुर्बीण तिकडे वळवताच तो सापडला होता. आजची स्थिती आणि निसर्गाचे नियम पुरते ठाऊक असतील, तर उद्याचे सारे सांगता येईल, अशी लाप्लासच्या काळापासून विद्वानांची श्रद्धा होती. ग्रहमाला घड्याळासारखी चालते आणि तशीच चालत राहील, एवढेच काय ते सिद्ध करायचे राहिले होते.

स्पर्धकाने नाव लिहायचे नव्हते. प्रबंधावर फक्त एक बोधवाक्य असायचे. तारे आपली नेमलेली मर्यादा ओलांडत नाहीत अशा आशयाचे लॅटिन वाक्य प्वांकारेंनी निवडले. तीन गोलांचा प्रश्न त्यांनाही पुरता सुटला नव्हता. पण दोन मोठे गोल आणि तिसरा धूलिकणाएवढा हलका, असा सोपा प्रकार घेऊन त्यांनी नव्या पद्धतीने विचार केला. सूत्र शोधण्याऐवजी सर्व शक्य मार्गांचा एकत्र आकार कसा दिसतो, हे त्यांनी पाहिले. मिताग-लेफ्लर, वायरस्ट्रास आणि एर्मीत या तिघा परीक्षकांनी त्यांनाच बक्षीस दिले. नान्सीच्या शाळेपासूनचा त्यांचा मित्र पॉल आपेल याचाही सन्मान झाला. फ्रान्समध्ये आनंदीआनंद झाला.

प्रबंध छापण्याचे काम सुरू झाले. मुद्रिते तपासायला फ्राग्मेन नावाचा सव्वीस वर्षांचा स्वीडिश गणितज्ञ होता. काही ठिकाणी त्याला अर्थ लागेना, म्हणून त्याने शंका काढल्या. प्वांकारेंनी त्यांची उत्तरे दिली. पण ती देता देता त्यांचे लक्ष दुसऱ्याच जागेकडे गेले. तिथे तर्काची एक पायरीच निसटली होती आणि तिच्यावर पुढचा सगळा इमला उभा होता. १८८९ चा नोव्हेंबर संपत आला होता. अंक छापून झाला होता, काही प्रती लोकांच्या हाती पडल्या होत्या. परीक्षकांच्या नजरेला जे आले नाही, ते उघड होईलच असे नव्हते. पण प्वांकारेंनी मिताग-लेफ्लर यांना पत्र पाठवून चूक कळवली आणि ती किती गंभीर आहे हेही लपवले नाही.

संपादकांवर मोठाच प्रसंग आला. राजाचे नाव आणि युरोपातल्या थोर परीक्षकांची प्रतिष्ठा पणाला लागली होती. त्यांनी गाजावाजा न करता गेलेल्या प्रती परत मागवल्या. रद्द झालेल्या छपाईचा खर्च प्वांकारेंनी द्यावा असे ठरले. तो ३,५८५ क्राउन ६३ ओर इतका आला. स्वीडिश प्राध्यापकाच्या वर्षाच्या पगाराच्या जवळपास निम्मी ही रक्कम प्वांकारेंनी कुरकुर न करता भरली. नव्याने लिहिलेला प्रबंध १८९० साली प्रसिद्ध झाला. आधीचा सुमारे १६० पानांचा होता, हा २७० पानांचा. प्रस्तावनेत त्यांनी फ्राग्मेनचे ऋण मान्य केले आणि त्याच्यामुळे एक मोठी चूक सापडली हेही नमूद केले. हे सगळे प्रकरण सविस्तर उजेडात आले ते शंभर वर्षांनी, १९९० च्या दशकात, जून बॅरो-ग्रीन या ब्रिटिश इतिहासकार बाईंच्या संशोधनातून.

चूक नेमकी काय होती? त्या हलक्या कणाचे काही मार्ग एका ठरावीक फेऱ्याच्या जवळ जवळ येत जातात, तर काही त्याच्यापासून दूर दूर जातात. या मार्गांचे जणू दोन पडदे तयार होतात. दूर जाणारा पडदा वळसा घेऊन परत येतो आणि जवळ येणाऱ्या पडद्याला काठाला काठ लावून जुळतो, असे प्वांकारेंनी धरले होते. तसे झाले तर शिवलेल्या पिशवीसारखा बंद आकार बनतो, आतले आत राहते आणि सारे काही सुरक्षित असते. पुन्हा तपासताना कळले की हे काठ जुळतीलच असे नाही. पडदे एकमेकांना छेदून जाऊ शकतात. आणि एकदा छेदले की पुन्हा पुन्हा, अगणित वेळा छेदत राहतात. त्यांना घड्यांवर घड्या पडत जातात, एक न संपणारी जाळी विणली जाते. या जाळीत अगदी शेजारी शेजारी निघालेले दोन कण थोड्याच काळात एकमेकांपासून कुठल्या कुठे जातात. नियम दोघांनाही तोच न्यूटनचा, तरी वाटा वेगळ्या. पुढे १८९९ साली आपल्या खगोलगणितावरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात त्यांनी या आकृतीचे शब्दांत वर्णन केले, पण ती काढण्याचा प्रयत्नही करणार नाही असे सांगून टाकले. यात लहानपणच्या चित्रकलेचा दोष नव्हता. कोणाच्याही हाताला ती साधली नसती.

या शोधाचा व्यवहारातला अर्थ त्यांनी १९०८ च्या एका पुस्तकात सामान्य वाचकांसाठी सांगितला. सुरुवातीच्या स्थितीतला नजरेतून सुटणारा फरक पुढे प्रचंड होऊ शकतो आणि मग भाकीत करणे अशक्य होते. हवेचे उदाहरणही त्यांनीच दिले. कुठेतरी तापमानात अंशाच्या दहाव्या भागाचा फरक पडला, तर वादळ इथे न येता भलत्याच प्रदेशावर जाऊन आदळेल. पावसासाठी लोक देवाला साकडे घालतात, ग्रहण लागावे म्हणून कोणी घालत नाही, ही गंमतही त्यांनी टिपली. आपल्या पंचांगात पुढच्या ग्रहणाची वेळ मिनिटासह असते, पण पुढच्या महिन्यातला पाऊस कोणत्या दिवशी पडेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याचे कारण हेच.

ठेवीदाराला हे चटकन समजावे. काही ठिकाणी चूक सरळ व्याजाने वाढते, काही ठिकाणी चक्रवाढ व्याजाने. चक्रवाढीत चूक दहा वेळा दुप्पट झाली की हजारपट होते, वीस वेळा झाली की दहा लाखपट. मोजमाप दसपट अचूक केले म्हणून भाकिताची मुदत दसपट वाढत नाही. चूक तीनेक वेळा दुप्पट व्हायला जेवढा काळ लागतो, तेवढीच ती लांबते.

गणिताच्या नावाखाली खोटी खात्री विकणाऱ्यांचा मात्र प्वांकारेंना तिटकारा होता. ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवणाऱ्या खटल्याने त्या काळी फ्रान्स दुभंगला होता. बेर्तियों या पोलिसी तज्ज्ञाने संभाव्यतेचे आकडे मांडून हस्ताक्षर ड्रेफसचेच असल्याचा निर्वाळा दिला होता. न्यायालयाने १९०४ साली प्वांकारे, दार्बू आणि आपेल यांना ते गणित तपासायला सांगितले. तिघांनीही त्याला शास्त्रीय मूल्य नसल्याचा अहवाल दिला. १९०६ साली ड्रेफस निर्दोष ठरला. सापेक्षतेच्या सिद्धांताच्या अगदी उंबरठ्यापर्यंत प्वांकारे १९०५ सालीच पोचले होते. गणितापासून तत्त्वज्ञानापर्यंत त्यांच्या लेखणीने काही वर्ज्य मानले नाही. तरी १७ जुलै १९१२ रोजी, शस्त्रक्रियेनंतर आठवडाभराने त्यांचे अचानक निधन झाले, तेव्हा ते अवघे अठ्ठावन्न वर्षांचे होते.

त्यांची ती जाळी थोडे गणितज्ञ सोडले तर जवळजवळ विस्मृतीत गेली. हाताने तिची आकडेमोड करणार कोण? मग संगणक आला. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर एक नमुना चालवीत होते. ०.५०६१२७ या आकड्याऐवजी त्यांनी ०.५०६ एवढाच आकडा भरला आणि थोड्याच वेळात संगणकातले हवामान पूर्णपणे बदलून गेले. फुलपाखराच्या पंखांची प्रसिद्ध उपमा याच लॉरेन्झ यांच्या १९७२ च्या व्याख्यानातली. १९८९ साली फ्रान्सच्याच झाक लास्कार यांनी दाखवून दिले, की आपली ग्रहमालाही या नियमातून सुटलेली नाही. पृथ्वीची आजची जागा ठरवताना फक्त १५ मीटरची चूक झाली, तर दहा कोटी वर्षांनंतर ती कक्षेवर नेमकी कुठे असेल हे सांगणे अशक्य होते. घाबरण्याचे कारण नाही. आपल्या नातवंड-पतवंडांच्या पंचांगाला यामुळे धक्का लागत नाही.

आज हवामानाचा अंदाज करताना सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम किंचित फरक करून संगणकावर तेच गणित अनेकदा चालवतात. बहुतेक उत्तरे एकमेकांशी जुळली तर अंदाज पक्का, फाकली तर कच्चा. आपल्या देशात २०१८ साली अशी एकवीस गणिते एकत्र चालवणारी पद्धत सुरू झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा तिच्यात मोठा वाटा आहे. बातम्यांत पावसाची ‘शक्यता’ सांगितली की आपण हसतो आणि छत्री घरीच ठेवतो. पण त्या एका शब्दात आपल्या ज्ञानाची मर्यादा प्रामाणिकपणे सांगितलेली असते. ती मर्यादा पहिल्यांदा दिसली ते १८८९ च्या हिवाळ्यात, एका माणसाने स्वतःच्याच बक्षीसपात्र प्रबंधातली चूक झाकून न ठेवल्यामुळे. साडेतीन हजार क्राउन त्यासाठी फार नव्हते.