आनंदीबाई जोशी

आनंदीबाई गोपाळराव जोशी (पूर्वाश्रमीच्या यमुना गणपतराव जोशी, ३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी परदेशात जाऊन मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. १८८६ मध्ये त्यांना अमेरिकेत एम.डी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले.

बालपण आणि अलिबागचे वास्तव्य

कल्याण येथील जोशी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर असून त्यांच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. विवाहानंतर यमुनेचे नाव आनंदी ठेवण्यात आले. गोपाळरावांवर लोकहितवादींच्या शतपत्रांचा प्रभाव होता आणि पत्नीला शिकवण्याचा त्यांचा निर्धार पक्का होता. कल्याणच्या घरात या शिक्षणाला अडथळे येऊ लागले, तेव्हा त्यांनी अलिबागला बदली करून घेतली. अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते (१९८१ मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड झाले). माहेरच्या माणसांच्या नजरेबाहेर, समुद्रकाठच्या या गावी आनंदीबाईंच्या अभ्यासाला मोकळीक मिळाली. मात्र गोपाळरावांची शिकवण्याची पद्धत कठोर होती आणि अभ्यासातील कुचराईबद्दल मारही बसे, हे त्यांच्या कौतुकाबरोबर नोंदवणे आवश्यक आहे.

चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला, परंतु वेळेवर वैद्यकीय मदत न मिळाल्याने तो अवघे दहा दिवस जगला. डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय या घटनेनंतरचा मानला जातो.

स्त्रिया आणि दवाखाना

त्या काळी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखाना आणि डॉक्टर असले, तरी त्यांचा लाभ स्त्रियांना क्वचितच होई. परपुरुषाकडून तपासून घेणे कुलीन घरांत निषिद्ध होते. दुखणे सांगायचे ते सासू किंवा नवरा सांगणार, औषध आणायचे ते तोच आणणार, आणि रोगी स्त्री माजघरातच राहणार, असा परिपाठ होता. बाळंतपण पूर्णपणे सुईणीच्या हाती असे. ती अडली, तरच आणि बहुधा उशिरा डॉक्टरांचा विचार होई. किनाऱ्यावरच्या गावांत पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की मुंबईचा मार्गही अवघड होई. म्हणजे प्रश्न केवळ दवाखाने वाढवण्याचा नव्हता. असलेल्या दवाखान्याची पायरी स्त्रीला चढता येत नव्हती. आनंदीबाईंनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले.

अमेरिकेची वाट

गोपाळरावांच्या पुढील बदल्या कोल्हापूर, भूज आणि बंगालमध्ये झाल्या. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी तो आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे दोघींत मावशी-भाचीचे नाते जुळले. बंगालमध्ये असताना आनंदीबाईंना अशक्तपणा, डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि धाप यांचा त्रास होऊ लागला. कार्पेंटरबाईंनी त्यासाठी अमेरिकेतून औषधे पाठवली, पण गुण आला नाही.

त्यांच्या परदेशगमनाला समाजातून कडाडून विरोध झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (सेरामपूर) येथील महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण करून आपली भूमिका मांडली. भारतीय स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यास संकोचतात, म्हणून येथे स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपण धर्म बदलणार नाही, अशी ग्वाहीही त्यांनी दिली. या ग्वाहीकडे केवळ सनातन्यांची समजूत काढणे म्हणून पाहता येत नाही. परत आल्यावर ज्या घरांत त्यांना जायचे होते, त्या घरांची दारे उघडी राहावीत यासाठी ती आवश्यक होती. अमेरिकेत त्यांनी साडी आणि शाकाहार सोडला नाही, याचेही कारण बरेचसे हेच असावे.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून गोपाळरावांशिवाय निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय होता. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने हा विषय निवडला, याला वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज नाही. ११ मार्च १८८६ रोजी झालेल्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

परतीचा प्रवास आणि निधन

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नियुक्ती केली. परंतु अमेरिकेतील थंडी आणि राहण्याची गैरसोय यांमुळे आधीच नाजूक असलेली प्रकृती क्षयाने पोखरली गेली होती. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या, तेव्हा त्यांना स्वतःलाच उपचारांची गरज होती. एकाही रुग्णालयात काम सुरू करण्याआधी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी मांडलेला प्रश्न तेव्हा इतरत्रही ऐरणीवर आला होता. १८८३ च्या अखेरीस एडिथ पेची या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. १८८५ मध्ये स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी डफरिन फंड स्थापन झाला. १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले. तेथे उपचार करणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच होत्या.

चरित्रे आणि स्मारके

कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले चरित्र महत्त्वाचे आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. तथापि ती कादंबरी असल्याने तिच्यातील प्रसंग इतिहास म्हणून घेताना सावधगिरी बाळगावी लागते. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचा स्मृतिशिलालेख आहे.