विमानवेडे जे. आर. डी. टाटा

कराडजवळची विमानाची धावपट्टी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. कोयना प्रकल्पाच्या कामासाठी ती बांधली गेली. लहान विमान उडण्याआधी कधी बघायला मिळालं, तर एक गंमत दिसेल. वैमानिक थेट आत जाऊन बसत नाही. आधी विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालतो. चाकं बघतो, पंख हलवून बघतो, पेट्रोल थोडं काचेच्या भांड्यात काढून बघतो. आपल्या एस. टी.चा ड्रायव्हरही निघण्यापूर्वी टायरवर हातोडी मारून बघतो ना, तसंच. पण एस. टी. घाटात बंद पडली तर चार माणसं उतरून ढकलतात. आभाळात ढकलायला कोण येणार?

भारतात विमानाची वाहतूक ज्यांनी सुरू केली, ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा या तपासणीच्या बाबतीत फार काटेकोर होते. सगळे त्यांना जे. आर. डी. म्हणत. २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरात त्यांचा जन्म झाला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. त्यांचं लहानपण बरंचसं फ्रान्समध्ये गेलं. तिथं समुद्रकाठी हार्डेलो गावी सुटीत हे कुटुंब राहायला जाई. शेजारी कोण? तर लुई ब्लेरिओ! १९०९ साली विमानातून इंग्लंडची खाडी पहिल्यांदा ओलांडणारे हेच ते. ब्लेरिओंचं विमान त्या वाळूवर उतरायचं आणि छोटा जहांगीर डोळे विस्फारून बघत राहायचा. तेव्हाच त्याच्या मनानं घेतलं, की आपणही उडायचं.

पण त्यासाठी चोविसाव्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. मुंबईला जुहूच्या मैदानावर फ्लाइंग क्लब निघाला आणि जे. आर. डी. लगेच शिकायला गेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक होता १.

पुढच्याच वर्षी एक मोठी शर्यत आली. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्यानं विमान चालवत जो पहिला भारतीय एका महिन्याच्या आत जाईल, त्याला आगाखान ५०० पौंड बक्षीस देणार होते. तिघं जण उतरले. मनमोहन सिंग आणि अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाले. जे. आर. डी. मे १९३० मध्ये कराचीहून उलट दिशेनं निघाले. विमान कसलं, लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड! जिप्सी मॉथ त्याचं नाव. वैमानिकाच्या डोक्यावर छप्परसुद्धा नाही.

इजिप्त देशात अबूकीर इथं जे. आर. डी. उतरले, तर तिथं दुसरं एक मॉथ विमान उभं. ते अस्पीचं. हा पोरगा इथं थांबलाय कशाला? चौकशी केली तेव्हा कळलं, की त्याच्या इंजिनाचे प्लग कामातून गेलेत आणि जादा प्लग जवळ नाहीत.

आता प्लग म्हणजे काय, हे फटफटी असलेल्या घरातल्या मुलांना सांगायला नको. प्लगमध्ये ठिणगी पडते, तेव्हा पेट्रोल पेटतं. काजळी धरली की ठिणगी पडत नाही. मग बाबा प्लग काढून पॉलिश पेपरनं घासतात, किका मारून मारून घामाघूम होतात. मॉथच्या इंजिनाला चार सिलिंडर, आणि एकेका सिलिंडरला दोन-दोन प्लग. एक गेला तर दुसरा असावा म्हणून. त्यांना वीज पुरवणारे मॅग्नेटोही दोन. उडण्यापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचा आवाज ऐकतो. धडधड एकसारखी राहिली तर ठीक. फटफट, खाडखाड झाली, की समजायचं प्लग बिघडलाय. अशा वेळी तसंच उडालं तर पुढं वाळवंट नाहीतर समुद्र.

जे. आर. डीं.नी येताना जादा प्लग बरोबर घेतले होते. विमानात वजन कमी असावं म्हणून माणूस एकेक वस्तू मागं ठेवतो, पण हे त्यांनी ठेवले नव्हते. शर्यत होती, समोरचा प्रतिस्पर्धी अडकलेला होता. गप्प राहून पुढं निघून गेले असते तर कोणी विचारलं नसतं. जे. आर. डीं.नी आपले प्लग काढून अस्पीला दिले. अस्पी उडाला, कराचीला पोचला, आणि काही तासांच्या फरकानं बक्षीस त्यालाच मिळालं! मनमोहन सिंगही पोचले, पण त्यांची महिन्याची मुदत टळून गेली होती. हाच अस्पी पुढं भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक वैमानिक जे. आर. डीं.चे मित्र होते. दोघांनी मिळून विमानानं टपाल नेण्याची योजना काढली. सरकारनं हो म्हणायला जवळजवळ तीन वर्षं घेतली. १९३२ च्या सप्टेंबरात सुरुवात ठरली, तर पावसानं जुहूच्या मैदानाची दैना केली. महिनाभर थांबावं लागलं. शेवटी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे जे. आर. डी. कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन पस मॉथ विमानातून निघाले. अहमदाबादला पेट्रोल भरायचं होतं. ते आलं बैलगाडीतून, डब्यांत भरून! डब्यातलं पेट्रोल कातड्यातून गाळून घ्यायची तेव्हा पद्धत होती, कारण त्यात पाणी असलं तर इंजिन आचके देऊन बंद पडतं. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून काचेत धरलं की ओळखू येतं. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. पुढं बेल्लारी आणि मद्रासला टपाल व्हिन्सेंटनी नेलं. शाळेतल्या नकाशावर मुंबई ते बेल्लारी पट्टी ठेवून रेघ ओढा बरं. ती कोरेगाव-खटावच्या बाजूनं खाली उतरते आणि खानापूर, कवठेमहांकाळवरून जाते. म्हणजे आपल्याच माथ्यावरून!

दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक, एवढाच सगळा संसार. रेडिओ नाही, वाट दाखवणारे दिवे नाहीत. पावसाळ्यात जुहूचं मैदान म्हणजे चिखलाचा खळगा. मग सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या गवताच्या मैदानावर न्यायचं. पावसात असल्या विमानांच्या खोड्या विचारू नका. कापड भिजतं, मॅग्नेटोत ओल जाते, चाकात चिखल बसतो. वेग मोजायला विमानाला वाऱ्याच्या दिशेनं एक बारीक नळी असते. तिच्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. नळी बुजली की काटा खोटं सांगतो, आणि वैमानिकाला वाटतं वेग आहे! एवढीशी माशी, पण विमान पाडू शकते. असं असूनही १९३३ साली या टपालसेवेनं १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं आणि पावसाळा धरून एकदाही वेळ चुकवली नाही.

सगळेच दोष डोळ्यांना दिसतात असंही नाही हं. त्याच सुमारास जगात ठिकठिकाणी काही पस मॉथ विमानांचे पंख हवेतच तुटले. जमिनीवर बघताना सगळं ठाकठीक असायचं. जोराच्या वाऱ्यात वेगानं जाताना पंख थरथरतो, हे शास्त्रज्ञांनी बऱ्याच तपासानंतर शोधून काढलं आणि मग पंखाला एक छोटा आधार जोडला गेला. त्याच जातीच्या विमानात जे. आर. डी. टपाल नेत होते.

पुढं याच धंद्यातून एअर इंडिया उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी तिचं विमान मुंबईहून लंडनला गेलं. १९५३ साली सरकारनं कंपनी आपल्याकडं घेतली, तरी अध्यक्ष जे. आर. डी.च राहिले, ते १९७८ पर्यंत. प्रवासाला निघाले की इंजिनापासून चहापर्यंत आणि पडद्यापासून संडासापर्यंत सगळ्याची बारीक नोंद करत. चूक दिसली की चिठ्ठी गेलीच म्हणून समजा. अधिकारी मंडळी टरकून असत, पण विमानं चकचकीत असत.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी जुन्या काळच्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. एकट्यानं. या वयात आपले आजोबा सायकलवर बसले तरी आजी ओरडते! १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा इथं ते वारले. जन्मगावी, पॅरिसमध्ये, त्यांना मातीत ठेवण्यात आलं.