विषाने दाखविलेली वाट : डेव्हिड केलिन

विषाचे नाव काढताच आपल्या डोळ्यांपुढे मृत्यू उभा राहतो. परंतु विवेकाने वापरलेले विष जीवनाचे एखादे गूढही उकलून दाखविते, ह्याची साक्ष डेव्हिड केलिन ह्यांच्या चरित्रात मिळते. सजीवांच्या सूक्ष्म पेशींत श्वसन कसे चालते, हे शोधण्यासाठी ह्या शास्त्रज्ञाने सायनाइडसारख्या जहाल विषाचे साहाय्य घेतले. त्यांच्या जीवनाची व कार्याची ओळख आम्ही आमच्या वाचकांना येथे करून देत आहोत.

केलिन ह्यांचा जन्म २१ मार्च १८८७ रोजी मॉस्को येथे एका पोलिश ज्यू कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब वॉर्सा येथे परतले. दम्याच्या विकारामुळे वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत त्यांना शाळेचे तोंडही पाहता आले नाही. १९०४ मध्ये वैद्यकाच्या अभ्यासासाठी ते बेल्जममधील लिएज येथे गेले व तेथून पॅरिसला आले. एके दिवशी पावसाची सर चुकविण्यासाठी ते एका इमारतीत शिरले, तो तेथे प्राणिशास्त्रज्ञ मोरिस कोल्लेरी ह्यांचे व्याख्यान चालू होते, असे सांगतात. ते व्याख्यान ऐकले आणि आयुष्याची दिशाच पालटली. वैद्यक मागे पडले व कीटकांचा अभ्यास सुरू झाला. १९१५ मध्ये प्राध्यापक नटॉल ह्यांचे साहाय्यक म्हणून ते केंब्रिजला गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

घोड्याच्या जठरात एका जातीच्या माशीच्या अळ्या वाढतात. ह्या अळ्यांत आपल्या रक्तातल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. अळीची माशी झाल्यावर त्या हिमोग्लोबिनचे काय होते, हे केलिन शोधीत होते. त्यांचे साधन म्हणजे वर्णपटदर्शक. रंगीत पदार्थातून आलेला प्रकाश ह्या यंत्रातून पाहिला असता पदार्थाने शोषिलेल्या रंगांच्या जागी काळे पट्टे दिसतात व त्यांवरून पदार्थ ओळखता येतो. माशीच्या स्नायूंत केलिन ह्यांना चार पट्टे दिसले. परंतु ते हिमोग्लोबिनचे नव्हते! तेच पट्टे इतर कीटकांत आणि पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्येही आढळले.

यीस्टचे पाणी हवेबरोबर खळखळून हलविले, की पट्टे नाहीसे होत. थोडा वेळ स्थिर ठेवले, की पुन्हा उमटत. ह्याचा अर्थ असा, की हे रंगद्रव्य अन्नाकडून इलेक्ट्रॉनांचा भार घेई तेव्हा पट्टे दिसत आणि तो भार पुढे प्राणवायूला देऊन मोकळे होई तेव्हा ते मावळत. आता केलिन ह्यांनी त्या पाण्यात सायनाइड घातले. मग कितीही हलविले तरी पट्टे जाईनात. युरेथेन नावाचे गुंगी आणणारे द्रव्य घातले, तेव्हा उलटाच प्रकार झाला. मावळलेले पट्टे परत येईनात.

विद्यार्थिमित्रांनो, ह्यातील मर्म एका दृष्टान्ताने समजून घेऊ. गावात आग लागली आहे आणि विहिरीपासून घरापर्यंत माणसे ओळीने उभी राहून घागरी हातोहात पुढे देत आहेत. शेवटच्या माणसाचे हात बांधले, तर ओळीतील प्रत्येकजण भरली घागर घेऊन खोळंबेल. विहिरीवरच्या माणसाचे हात बांधले, तर सर्वांचे हात रिकामे राहतील. सायनाइडने पहिला प्रकार केला, युरेथेनने दुसरा. दोन विषांनी दोन बाजूंनी वाट अडविली, म्हणूनच हे रंगद्रव्य अन्न आणि प्राणवायू ह्यांच्या मधोमध उभे आहे, हे केलिन ह्यांना कळले. १९२५ मध्ये त्यांनी त्याला सायटोक्रोम हे नाव दिले व त्याचे अ, ब, क असे तीन घटक असल्याचे दाखविले. सायनाइड ज्याला जखडते तो शेवटचा दुवाही त्यांनी हार्ट्री ह्या सहकाऱ्याच्या साहाय्याने १९३९ मध्ये ओळखला.

ही साखळी पेशीतील तंतुकणिकांच्या आतल्या पटलात असते, हे आज आपण जाणतो. इलेक्ट्रॉन तिच्यातून उतरत असता जी शक्ती मोकळी होते, तिच्या बळावर एटीपी नावाचे द्रव्य बनते व शरीराचे व्यवहार चालतात. सायनाइड शेवटच्या दुव्यातील लोहाला चिकटते. रक्तात प्राणवायू भरपूर असूनही पेशींना तो वापरता येत नाही. एटीपीचा पुरवठा तुटतो आणि हृदय व मेंदू ह्यांना प्रथम धक्का बसतो. कार्बन मोनॉक्साइड वायूही ह्याच दुव्यावर बसतो; रोटेनोनसारखी द्रव्ये साखळीच्या आरंभी अडथळा आणतात.

केलिन ह्यांच्या थोरवीची आणखी एक गोष्ट आम्हांस मुद्दाम सांगावीशी वाटते. हे पट्टे सर्वप्रथम पाहिले होते ते वुल्व्हरहॅम्प्टन येथील मॅकमन ह्या डॉक्टरने. रुग्णसेवेतून उरलेल्या वेळात त्याने केलेले हे संशोधन १८८६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. परंतु होप-सायलर ह्या विख्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, हे तर हिमोग्लोबिनचेच विघटित रूप, असे म्हणून ते झिडकारले. मॅकमन १९११ मध्ये वारला, तेव्हा त्याचा शोध विस्मृतीत गेला होता. केलिन ह्यांनी मनात आणले असते तर सारे श्रेय त्यांना स्वतःकडे घेता आले असते. त्यांनी तसे केले नाही. १९२५ च्या आपल्या निबंधातच त्यांनी मॅकमनच्या कार्याची हकीकत सांगून त्याचा मान त्याला परत दिला.

१९३१ मध्ये केलिन केंब्रिजला प्राध्यापक झाले व १९५१ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्यांना लाभले. २७ फेब्रुवारी १९६३ रोजी ते निवर्तले. पेशीश्वसनाच्या इतिहासावरील त्यांचा अपुरा ग्रंथ त्यांची कन्या जोन हिने सिद्ध करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. एटीपी कसे बनते ह्याचा उलगडा करणारे पीटर मिचेल ह्यांना १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या व्याख्यानाच्या शीर्षकातच केलिन ह्यांचे नाव होते. केलिन ह्यांनी मॅकमनचे ऋण मानले, मिचेल ह्यांनी केलिन ह्यांचे. आपल्या आधीच्या माणसाने भरून दिलेली घागर त्याचे नाव न विसरता पुढे द्यावी, एवढे जरी आमच्या बालवाचकांनी ह्या चरित्रातून घेतले, तरी आम्हांस धन्यता वाटेल.