मंडालेचं पथ्य

लोकमान्य टिळक म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पगडी, उपरणं, झुपकेदार मिशा, केसरी, गणेशोत्सव आणि मंडालेचा तुरुंग. १ ऑगस्टला शाळेत आपण सगळ्यांनीच त्यांच्यावर भाषणं ठोकली आहेत. शेंगांच्या टरफलांची गोष्ट तर तोंडपाठ! पण एक गोष्ट त्या भाषणांत कधी येत नाही. मैत्रिणींनो, टिळकांना मधुमेह होता. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी या दुखण्याशी झुंज दिली, तीही त्यावर धड औषध नव्हतं अशा काळात.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. दहा वर्षांचे असताना आई गेली, सोळाव्या वर्षी वडील गेले. त्याआधीच लग्न झालेलं. कोकणातल्या बाळांच्या घरातली तापी टिळकांच्या घरात सत्यभामा झाली. पुढे टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती अगदी किरकोळ होती. तेव्हा या मुलानं काय केलं असेल? कॉलेजचं पहिलं वर्ष सरळ तब्येतीसाठी दिलं! व्यायाम, कुस्ती, पोहणं आणि दूध-दुभतं. अभ्यास मागे पडला, वर्ष वाया गेलं असं लोकांना वाटलं. पण त्या वर्षाची कमाई त्यांना जन्मभर पुरली. १८७६ मध्ये ते बी.ए. झाले, १८७९ मध्ये वकिलीची परीक्षा झाली, १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि पाठोपाठ १८८१ मध्ये केसरी निघाला.

आपल्याकडच्या लोकांना ठाऊक नसतं, पण टिळकांचा आपल्या लातूरशीही संबंध होता. १८९० च्या सुमारास त्यांनी मित्रांबरोबर भागीदारीत लातूरला कापसाचं जिनिंग काढलं. तेव्हा हा सगळा निजामाचा मुलूख. लातूरचं नाव टिळकांच्या चरित्रात वाचलं आणि मला उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं!

पुढची वर्षं मात्र धावपळीची. अग्रलेख, कोर्टकचेऱ्या, दौरे, जागरणं. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ मध्ये पुन्हा खटला भरला. २२ जुलैला, म्हणजे बावन्नावा वाढदिवस एका दिवसावर आलेला असताना, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. परका मुलूख, लाकडी खोली, अंगाची लाही करणारा उन्हाळा आणि सोबतीला मधुमेह.

त्या वेळी मधुमेहावर उपचार म्हणजे काय, तर पथ्य. एवढंच! गोळी नाही, इन्शुलिन नाही. अमेरिकेतले मोठे डॉक्टरसुद्धा रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवायचे. मंडालेत टिळकांनी भात बाजूला सारला आणि सातूच्या पिठाचं खाणं सुरू केलं. जोडीला दूध-तूप. जिभेचे चोचले बंद. अशा पथ्यावर राहून त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीनं गीतारहस्याचं बाड लिहून काढलं. काही महिन्यांत एवढा मोठा ग्रंथ! निम्मं श्रेय मी त्या सातूला देते, आता तुम्ही हसलात तरी चालेल.

पण याच तुरुंगात जून १९१२ मध्ये एक तार आली. सत्यभामाबाई गेल्या होत्या. चाळीस वर्षांचा संसार, त्यातली किती वर्षं नवरा तुरुंगात नाहीतर दौऱ्यावर! घर, मुलं, आलं-गेलं सगळं त्यांनीच सांभाळलं. शेवटची भेटसुद्धा झाली नाही. टिळकांच्या साखरेची, वजनाची, खाण्याची नोंद चरित्रकारांनी ठेवली. सत्यभामाबाई काय खात होत्या, कशा दमत होत्या, हे मात्र शोधत बसावं लागतं. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. शंभर वर्षं उलटली, आपल्या घरात वेगळं काय आहे? नवऱ्याच्या गोळ्यांची वेळ आपल्याला पाठ असते, सासूबाईंची साखर आपण वहीत लिहितो. आपली स्वतःची शेवटची कधी तपासली, सांगा बरं!

टिळक जून १९१४ मध्ये सुटले, पुन्हा कामाला जुंपले, १९१८ मध्ये विलायतेला गेले, एकोणीसच्या अखेरीस परतले. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईच्या सरदारगृहात तापाचं निमित्त होऊन त्यांनी डोळे मिटले. वय अवघं चौसष्ट. आणि त्यानंतर दीड वर्षाच्या आत, ११ जानेवारी १९२२ ला, कॅनडातल्या टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. नशीब म्हणतात ते हेच का?

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठ्या माणसाची गोष्ट, आमचं काय? तर आपलं असं आहे, की टिळकांना जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालंय. आजार यायच्या आधीच त्याची चाहूल घेता येते. आणि ती चाहूल बऱ्याचदा लागते आपल्या लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात.

यकृत हे शरीराचं कोठार समजा. जेवलो की जास्तीची साखर ते साठवून ठेवतं आणि रात्री उपाशीपोटी थोडी थोडी सोडतं. किती सोडायची हे इन्शुलिन त्याला सांगतं. पण याच कोठारात चरबी साचली, की ते इन्शुलिनचं ऐकेनासं होतं. रात्रभर साखर सोडत राहतं. म्हणून सकाळी काही न खाताही साखर वाढलेली निघते! दारूला स्पर्शही न करणाऱ्या बायकांच्या यकृतात अशी चरबी साचते, आणि बहुतेक वेळा दुखत-खुपत काहीच नाही.

गेल्या वर्षी पोट दुखलं म्हणून मी उदगीरला सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्टात एक ओळ होती, फॅटी लिव्हर, ग्रेड एक. उपाशीपोटी साखर निघाली ११२. मी तर चारचौघींत लठ्ठ दिसतही नाही! मग कळलं, की आपल्या लोकांचं हेच फसवं असतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ मध्ये त्यांचा आणि एका इंग्रज शास्त्रज्ञाचा शेजारी शेजारी फोटो लॅन्सेट या मासिकात छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी? इंग्रज गृहस्थांची ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१ टक्के! हातपाय बारीक आणि पोटावर घेर, अशी आपली ठेवण. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याच्या टेपवर भरवसा ठेवा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषाची ९० च्या आत.

साखरेचे आकडेही लक्षात ठेवा. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेह उंबऱ्यात उभा आहे. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टर निदान करतात. ज्यांना बाळंतपणात साखर वाढली होती त्यांनी तर दर वर्षी तपासणी चुकवूच नये. बाळ झालं, साखर उतरली, आपण विसरलो, पण धोका विसरत नाही. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी सरकारी दवाखान्यात आणि उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा.

आणि उंबऱ्यातूनच त्याला परत पाठवता येतं, ही खरी आनंदाची बातमी. अमेरिकेतला मोठा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. यकृतातली चरबीही वजनाबरोबर उतरते. आम्ही तिघी-चौघी पहाटे उदगीरच्या रस्त्यानं अर्धा तास चालतो. माझं वजन ६६ चं ६२ झालं, आणि साखर शंभरच्या आत आली आहे. यात काही जादू नाही. दिवसाचे सहा गोड चहा होते, ते दोन केले, तेही बिनसाखरेचे. उरलंय म्हणून पातेलं पुसून खाणं सोडलं. उपवासाला साबुदाणा आणि बटाट्याऐवजी ताक, शेंगदाणे आणि एखादं फळ. ताटात आधी भाजी आणि वरण, मग भाकरी.

भाकरीबद्दल एक सांगते. रेशनच्या गहू-तांदळानं आपली ज्वारी मागे पडली, ती परत ताटात यायलाच हवी. पण ज्वारी खाल्ली म्हणजे साखर वाढत नाही, असं नाही. चार भाकरी खाल्ल्या तर ज्वारीही साखर वाढवणारच. टिळकांच्या सातूचंही तेच. गुण मापातही होता. आणि लिव्हर साफ करतो म्हणून कुणी काढा, झाडपाल्याची पुडी दिली तर घेऊ नका. काही पुड्यांनी उलट यकृताला इजा होते. चालू गोळ्याही मनानं बंद करू नका.

आपली देवणी गाई-बैलांसाठी नावाजलेली. गाईनं एक वेळ वैरण तोंडाला लावली नाही, तर घरातल्या बाईच्या ते आधी लक्षात येतं. डॉक्टरला फोन जातो. तोच जीव थोडा स्वतःकडे वळवा. विशीच्या आत असलेल्या टिळकांनी तब्येतीसाठी कॉलेजचं एक वर्ष दिलं होतं. तुमच्याकडे मी वर्ष मागत नाही, रोजचा अर्धा तास मागते. आणि या महिन्यात घरच्या कुणाला तपासायला न्याल, तेव्हा उपाशीपोटी स्वतःही जा आणि दुसरी चिठ्ठी आपल्या नावाची काढा!