महादजींच्या स्वप्नातला घोडेस्वार

पानिपतच्या पराभवानंतर दिल्लीत मराठ्यांचा दबदबा पुन्हा बसवणारे सेनानी म्हणून महादजी शिंदे सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या झोपेविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

शिंद्यांचे कुलदैवत कोल्हापूरजवळचा जोतिबा. तिथले आजचे मंदिर महादजींचे वडील राणोजी यांनी १७३० मध्ये बांधले. या घराने रणांगणावर माणसे गमावली. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झाले आणि त्यात पुतणे जनकोजीही गेले.

त्या दिवशी एका अफगाण स्वाराने महादजींचा दूरवर पाठलाग केला. घोडी खड्ड्यात कोसळली. स्वाराने पायावर वार केला, घोडी घेतली आणि निघून गेला. राणेखान भिस्त्याने जखमी महादजींना आपल्या बैलावर घालून वाचवले. महादजींनी त्याला भाऊ मानले, पुढे सरदार केले. पाय मात्र जन्मभर अधू राहिला.

मनाची जखमही राहिली. तो अफगाण आणि त्याचा बेढब घोडा आपल्या देखण्या दख्खनी घोडीमागे धावताना अनेकदा स्वप्नात दिसतो, असे महादजींनी इंग्रज रेसिडेंट पामर यांना सांगितले होते. इतिहासकार ग्रँट डफ यांनी ते नोंदवले आहे.

जिवावरच्या प्रसंगात मेंदूतील भीतीचे केंद्र, अमिग्डाला, अतिशय सक्रिय होते. ती आठवण इतर आठवणींसारखी ‘होऊन गेलेली’ म्हणून साठत नाही. झोपेत ती पुन्हा घडू लागते. अशी स्वप्ने, दचकणे, चिडचिड, त्या विषयाची टाळाटाळ हे सारे महिन्याहून अधिक टिकले आणि रोजचे जगणे बिघडले, तर त्याला आघातोत्तर तणावविकार म्हणतात. वैद्यकशास्त्रात हे निदान १९८० मध्ये रूढ झाले. केवळ एका स्वप्नावरून महादजींना हा आजार होता असे म्हणता येत नाही. १७८४ मध्ये ते बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले, १७९४ मध्ये वानवडीला वारले. तोवर कर्तबगारीत खंड नव्हता.

पण शूर माणसालाही लढाई झोपेत गाठते, आणि ते सांगण्यात कमीपणा नसतो, हे त्यांच्या चरित्रातून दिसते. कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी घरटी फौजी असलेली गावे आहेत. निवृत्त जवान रात्री ओरडत उठत असेल, दारूशिवाय झोपत नसेल, तर ‘फौजी खाक्या’ म्हणून सोडून देऊ नये. समुपदेशन आणि औषधे, दोन्ही उपयोगी पडतात; अनेक वर्षे उलटून गेली असली तरीही. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.